शिक्षा संपल्यानंतर

तुरुंगांत जाणाऱ्या माणसाविषयीं आपण पुष्कळ बोलतों. वर्तमानपत्रें त्याचें नांव छापतात, पारावर चार दिवस चर्चा होते. परंतु तुरुंगांतून परत येणाऱ्याविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं. आणि परत तर तो यावयाचाच असतो. थोडे अपवाद सोडले, तर प्रत्येक कैदी एके दिवशीं आपल्याच गांवच्या थांब्यावर एस्. टी.तून उतरतो. त्या दिवसानंतर त्याचें काय होतें, याचा विचार आज करावयाचा आहे.

मी नांदेड जिल्ह्यांतील एक निवृत्त शिक्षक. कायद्याचा पंडित नव्हे. तरीहि या विषयावर बोलण्यास मला एक कारण आहे, तें प्रथम सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीबद्दल कांहीं वर्षें शिक्षा भोगून सुटला व एका सायंकाळीं माझ्या घरीं आला. म्हणाला, "गुरुजी, लातूरच्या अडत बाजारांत हमालीचें काम आहे. दुकानदार आपल्या ओळखीचे आहेत. आपण एक शब्द टाकलात तर होईल." मीं त्याला चहा दिला, शब्द दिला नाहीं. "पाहूं" एवढेंच म्हणालों. तो समजला, आणि पुन्हां आला नाहीं. पुढें कळलें कीं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो पश्चिम महाराष्ट्रांत जाऊं लागला आहे. तेथें कोयता चालविणारा हात पाहतात, मागची चौकशी करीत नाहींत. वाल्याचा वाल्मीकि कसा झाला, ही कथा मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. आणि वाल्या माझ्याच दारांत येऊन उभा राहिला, तेव्हां मीं दार पुरतें उघडलें नाहीं.

त्या कथेंत बायकामुलांनीं वाल्याच्या पापाचा वांटा घेण्याचें नाकारलें होतें. संसारांत मात्र उलटें घडतें. पापांत वांटा नसलेल्या घरच्या माणसांच्या पदरीं शिक्षेचा वांटा येतो. मुलीची सोयरीक मोडते, मुलाला बापाच्या नांवानें हिणवितात, शेत पडीक राहतें. म्हणून सुटून आलेल्याला आधार देणें म्हणजे एकट्याला आधार देणें नव्हे. त्या घराला पुन्हां उभें करणें होय.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. शिक्षा संपली म्हणजे माणसाचें नागरिकत्व संपत नाहीं. कारागृहांत असतांना त्याला मत देतां येत नाहीं. सुटल्यावर तो हक्क परत मिळतो. दोन वर्षें वा अधिक शिक्षा झालेल्यास विधानसभा वा लोकसभा यांची निवडणूक मात्र सुटकेनंतर सहा वर्षें लढवितां येत नाहीं. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यांत तितकीच शिक्षा झाली असेल, तर शिक्षा ठरल्यापासून पांच वर्षें पासपोर्ट नाकारतां येतो. या बंदींना मुदत आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कायद्यानें मुदत घातली. आपण समाजानें ती घातलेली नाहीं.

नोकरीच्या अर्जांत जुनी शिक्षा लपवूं नये. विचारलें असतां खरें सांगावें. अशा प्रसंगीं माहिती दडविणें हेंच नोकरी जाण्याचें कारण होऊं शकतें, आणि अपराध किरकोळ असल्यास मालक तो पोटांत घालूं शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 सालच्या निकालाचा आशय आहे. त्याशिवाय 1958 सालचा परिवीक्षा कायदा आहे. जन्मठेप किंवा मृत्युदंड यांस पात्र नसलेल्या अपराधांत न्यायालय योग्य वाटल्यास अपराध्याला तुरुंगांत न धाडतां चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडूं शकतें. आणि अशा माणसाला त्या शिक्षेमुळें येणारी अपात्रता लागूं होत नाहीं. तरुण मुलांच्या आईबापांनीं ही तरतूद वकिलाला अवश्य विचारावी.

माणूस बदलतो काय, असा प्रश्न पुष्कळजण करतात. त्याचें उत्तर महाराष्ट्रानें फार पूर्वीं दिलें आहे. औंध संस्थानांत 1939 सालीं, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची ती कल्पना, आणि तिला राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचा आश्रय. भिंत नाहीं, बेडी नाहीं. कैद्यानें कुटुंबासह राहावें व जमीन कसावी. याच प्रयोगावरून पुढें 1957 सालीं व्ही. शांताराम यांनीं 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. आपल्या मराठवाड्यांतहि पैठणला 1968 पासून खुलें कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीचे निवडक कैदी तेथें शेतींत राबतात. विश्वास टाकला म्हणजे माणूस तो सांभाळण्यासाठीं धडपडतो, हें या प्रयोगांचें सार होय.

परंतु दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. ज्याचा हात मोडला, ज्याच्या घरचा माणूस गेला, त्यानें सर्व विसरावें असें सांगण्याचा अधिकार कोणाला नाहीं. 1998 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सक्तमजुरीच्या कैद्याला वाजवी मजुरी मिळावी आणि तिचा कांहीं भाग पीडिताच्या भरपाईसाठीं राखावा. यांत मोठा अर्थ आहे. नवें आयुष्य फुकट मिळत नाहीं. तें ऋण फेडीत उभारावें लागतें. म्हणून सुटून आलेल्यानें जुन्या वैराच्या वाटेस जाऊं नये, बांधाचा तंटा मोजणी करून मिटवावा, सुटकेचे कागद जपून ठेवावे, रेशनकार्ड व बँकेचें खातें आधीं सुरळीत करावें, आणि मिळेल तें काम एक वर्ष न सोडतां करावें. एक वर्षाची हजेरी ही कोणत्याहि दाखल्याहून मोठी साक्ष असते.

आणि गांवानें काय करावें? त्याच्या मुलांना बापाचें नांव ऐकवूं नये. त्याला कामावर घेतांना मजुरी कमी देऊं नये. आणि ज्याच्या शब्दाला चार माणसांत मान आहे, त्यानें तो शब्द वेळेवर खर्च करावा. शिक्षक, सरपंच, दुकानदार यांच्याजवळ दुसरें धन तें काय असतें?

उसाचा हंगाम संपून टोळ्या परत आल्या म्हणजे मी त्या विद्यार्थ्याच्या घरीं जाणार आहे. या वेळीं चहा त्याच्याकडचा घेईन. लातूरचे ते दुकानदार अजून व्यापारांत आहेत; माझा शब्द अजून त्यांच्याकडे टाकावयाचा राहिला आहे.