न मागितलेल्या मालाचा हिशेब

आपल्या घरीं मोबाईलचें बिल आलें म्हणजे आपण शेवटची रक्कम पाहतों आणि तें भरून टाकतों. मधल्या ओळी बहुधा कोणी वाचीत नाहीं. ज्यांचा मोबाईल प्रीपेड आहे, त्यांच्या घरीं तर बिलच येत नाहीं. पैसे आधीं भरावयाचे, आणि ते संपले म्हणजे पुन्हां भरावयाचे. या न वाचलेल्या ओळींत आणि न आलेल्या बिलांत एक खर्च पुष्कळ वर्षें लपून राहत आला आहे. तो म्हणजे आपण कधींच न मागितलेल्या संदेशांचा आणि सेवांचा आकार. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी कांहीं या शास्त्राचा जाणकार नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारें आयुष्य मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलेलें. परंतु हा विषय बराचसा अंकगणिताचाच आहे, आणि तो मला ज्या रीतीनें शिकावा लागला ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर तालुक्यांतील डोणगांव हें आमचें गांव. गोष्ट २०१२ सालच्या उन्हाळ्यांतील आहे. माझ्या आईजवळ एक साधा, बटणांचा मोबाईल होता. नागपूरला दिलेल्या माझ्या बहिणीशीं तिनें आठवड्यांतून दोनदां बोलावें, एवढाच त्याचा उपयोग. महिन्याला पन्नास रुपये भरले कीं पुरत असत. त्या उन्हाळ्यांत ते पंधरा दिवसहि पुरेनात. बोलणें तेवढेंच, आणि पैसे मात्र सरलेले. माझा धाकटा पुतण्या त्या वर्षीं शिक्षणासाठीं आमच्याकडे राहत होता. बारा वर्षांचा मुलगा. मोबाईल हातीं आला कीं लवकर सोडीत नसे. साहजिकच सर्वांची नजर त्याच्याकडे वळली. मीं त्याला समोर बसवून विचारलें. तो म्हणाला, “नाहीं काका, मी फक्त सापाचा खेळ खेळतों. त्याला पैसे पडत नाहींत.” मी पडलों शिक्षक, मुलांच्या सबबी ऐकण्यांत तीस वर्षें गेलेलीं. मीं त्याचें म्हणणें खोटें मानलें, सर्वांच्या देखत त्याची कानउघाडणी केली, आणि मोबाईल कपाटांत कुलुपांत ठेविला.

आठ दिवसांनीं आईला बहिणीशीं बोलावयाचें होतें, म्हणून कपाट उघडलें. पाहतों तों शिलकेंतले चोवीस रुपये कमी! कुलपाची किल्ली माझ्याच जानव्याला होती म्हणाना. आतां मात्र मीं कंपनीच्या तक्रार-केंद्राला फोन लाविला. बऱ्याच खटपटीनें तेथील गृहस्थांनीं सांगितलें कीं, या क्रमांकावर रोजच्या राशिभविष्याची सेवा चालू आहे आणि तिचे दिवसाला तीन रुपये कापले जातात. भविष्य येत होतें तें इंग्रजींत, आणि आईला वाचतां येई तें फक्त मराठी. ही सेवा मागितली कोणी, असें मीं विचारलें. उत्तर आलें, “आपल्याच मोबाईलवरून होकार आलेला आहे.”

हा होकार कसा गेला असावा, तें मला मागाहून उमगलें. मोबाईलच्या पडद्यावर मधूनच एखादें वाक्य आपोआप उमटे आणि खालीं ‘ओके’ असा शब्द दिसे. तो पडदा गेल्याशिवाय फोन लावतां येत नसे, म्हणून आई बटण दाबी. तिच्या मतें तो दारांत आडवा आलेला दगड बाजूला सारणें होतें. कंपनीच्या वहींत तोच करार ठरला.

पुतण्याची मीं क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. परंतु आमच्या घरीं होता तोंवर त्यानें त्या मोबाईलला पुन्हां हात लाविला नाहीं.

आतां हा व्यवहार चालतो कसा, तें पाहूं. मोबाईलवर अक्षरी संदेश पाठविण्याची सुरुवात ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत झाली. आपल्या देशांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्यें झालें. रोमन लिपींतील एका संदेशांत १६० अक्षरें मावतात. देवनागरींत लिहूं लागल्यास तीच मर्यादा ७० चिन्हांवर येते, आणि त्यांत काना-मात्राहि वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून मराठींतलें लांबलचक पत्र एकच दिसलें तरी हिशेबांत त्याचे दोन किंवा तीन संदेश होतात. संदेशांचे पैसे मोजण्याची ही साधी रीत झाली.

दुसरी रीत चढ्या दराच्या संदेशांची. हे संदेश दहा आकडी क्रमांकावर जात नाहींत. पांच-सहा आकड्यांच्या तोकड्या क्रमांकावर जातात. त्याचा दर नेहमींच्या संदेशाहून पुष्कळ अधिक असतो. कार्यक्रम किंवा माल पुरविणारा एक, त्याला मोबाईल कंपन्यांशीं जोडून देणारा मध्यस्थ दुसरा, आणि मोबाईल कंपनी तिसरी, असे तिघे त्या पैशांचे वांटेकरी. वसुलीचें काम मोबाईल कंपनी करते, कारण गिऱ्हाइकाचा खिसा तिच्याच हातीं असतो. वाण्याच्या दुकानीं आपलें उधारीचें खातें असावें, आणि त्यांत वाण्याच्या ओळखीच्या तिऱ्हाइतानें आपल्या नांवावर माल मांडावा, तसा हा प्रकार आहे. माल आपण मागितला असेल तर तक्रार नाहीं. न मागतां मांडला गेला, तर तो आपल्याला कळावा कसा, हा खरा प्रश्न.

या दराची ओळख आपल्या घरांना दूरचित्रवाणीनें करून दिली. मार्च २००५ मध्यें मुंबईचा अभिजीत सावंत हा तरुण ‘इंडियन आयडॉल’ या गायनस्पर्धेंत पहिला आला, तेव्हां घरोघरीं लोकांनीं संदेश पाठवून मतें दिलीं होतीं. पुढें २००७ सालीं ‘कौन बनेगा करोडपति’ या कार्यक्रमांत प्रेक्षकांसाठीं ‘हर सीट हॉट सीट’ नांवाची स्पर्धा ठेवली गेली. प्रश्नाचें उत्तर संदेशानें पाठवावयाचें. एका संदेशाचे २ रुपये ४० पैसे पडत, आणि एका भाग्यवान विजेत्याला दोन लाखांचें बक्षीस मिळे. बक्षीस फुकट असल्याचा भास करून तें प्रेक्षकांच्याच पैशांतून दिलें जातें, अशी तक्रार एका ग्राहक-संस्थेनें केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं स्टार व एअरटेल या कंपन्यांना एक कोटी रुपयांचा दंडात्मक भुर्दंड बसविला. परंतु सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१९ मध्यें तो निर्णय रद्द केला; बक्षिसाची रक्कम संदेशांच्या उत्पन्नांतूनच दिली गेली, असें म्हणण्यास आधार नाहीं, असें न्यायालयाचें मत पडलें.

या खटल्यांतील प्रेक्षकांनीं संदेश निदान स्वतःच्या हातानें, जाणून पाठविले होते. माझ्या आईनें तर कांहींच पाठविलें नव्हतें. तिच्यासारख्यांच्या तक्रारी देशभर इतक्या झाल्या होत्या, कीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे आपण ज्याला ‘ट्राय’ म्हणतों त्यानें, ४ जुलै २०११ रोजींच एक आदेश काढून गिऱ्हाइकाची स्पष्ट संमति घेण्याचें बंधन घातलें होतें. तरीहि तक्रारी थांबल्या नाहींत. आमचीच गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षाची आहे. शेवटीं १० जुलै २०१३ रोजीं ट्रायनें दुहेरी संमतीचा आदेश दिला. त्याचा आशय असा: गिऱ्हाइकानें एकदां होकार दिला तरी तेवढ्यानें सेवा चालू करावयाची नाहीं. दर व मुदत सांगणारा दुसरा संदेश त्याला पाठवावयाचा, आणि त्यालाहि होकार आला तरच पैसे कापावयाचे. उत्तर आलें नाहीं, तर सेवा नाहीं. नको असलेली सेवा बंद करण्यासाठीं १५५२२३ हा एकच निःशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांना लागू केला गेला.

श्रोतेहो, या आदेशांतील खरा फरक लक्षांत घ्यावा. आपल्याकडे पूर्वीं लग्नाच्या बोलण्यांत मुलगी गप्प राहिली म्हणजे तिची संमति धरीत. मोबाईलच्या व्यवहारांत तेंच चाललें होतें. गिऱ्हाईक गप्प राहिलें कीं त्याचा होकार. नव्या नियमानें गप्प राहणें हा नकार ठरला.

हें दुखणें आपल्याच देशाचें, असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत एटी अँड टी या मोठ्या कंपनीनें ऑक्टोबर २०१४ मध्यें सरकारी यंत्रणांशीं १० कोटी ५० लक्ष डॉलरांची तडजोड केली. त्यांतील ८ कोटी डॉलर गिऱ्हाइकांना परत करण्यासाठीं होते. आरोप असा होता कीं, लोकांनीं न मागितलेल्या सेवांसाठीं बहुधा महिन्याला ९ डॉलर ९९ सेंट बिलांत लाविले जात, आणि ते कंपनीच्याच मासिक वर्गणीसारख्या नांवाखालीं दाखविल्यामुळें ओळखूं येत नसत. त्या सेवांमध्यें प्रेमाचे सल्ले होते, मनोरंजक माहिती होती, आणि राशिभविष्यहि होतें! तें वाचून मला आईच्या मोबाईलची आठवण झाली.

हें चालतें कशामुळें, तें अंकगणित सांगतें. दिवसाला तीन रुपये म्हणजे महिन्याला नव्वद, वर्षाला एक हजार पंचाण्णव. तीन रुपयांसाठीं कोणी कामधंदा सोडून तक्रार करीत नाहीं. परंतु अशीं एक लक्ष गिऱ्हाइकें आहेत असें धरा; म्हणजे घेणाराच्या पदरीं रोज तीन लक्ष रुपये पडतात. देणाराला जी रक्कम किरकोळ, तीच घेणाराला डोंगराएवढी. थेंबें थेंबें तळें सांचतें. फक्त थेंब आपले आणि तळें दुसऱ्याचें.

तेव्हां करावें काय? पहिलें, बिल येत असेल तर ‘मूल्यवर्धित सेवा’ किंवा तशाच नांवाखालची ओळ दर महिन्याला वाचावी. प्रीपेडवाल्यांनींहि निराश होऊं नये. २०१२ च्या ग्राहक-संरक्षण नियमांनीं त्यांना मागील सहा महिन्यांतील वापराचा तपशीलवार हिशेब मागण्याचा हक्क दिला, आणि त्यासाठीं पन्नास रुपयांहून अधिक घेऊं नयेत असें ठरविलें. दुसरें, अनोळखी सेवा आढळतांच १५५२२३ या क्रमांकावर ती बंद करवावी. आपल्या संमतीवांचून ती सुरू झाली असेल आणि चोवीस तासांच्या आंत कळविलें, तर कापलेले पैसे परत मिळण्याची तरतूद आहे. तिसरें, दाद न मिळाल्यास १९८ वर तक्रार करावी व तिचा क्रमांक कागदावर टिपून ठेवावा. तो क्रमांक म्हणजे आपली पावती. निकालानें समाधान झालें नाहीं, तर तीस दिवसांच्या आंत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें; त्याला शुल्क नाहीं. याहून पुढें जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तेथें दाद मागतां येते, हें सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे.

चौथी गोष्ट नियमांत कोठें लिहिलेली नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींचे मोबाईल महिन्यांतून एकदां आपण स्वतः पाहावेत. पडद्यावर उमटलेलें वाक्य कळलें नाहीं तर बटण न दाबतां कोणाला तरी विचारावें, हें त्यांना सांगून ठेवावें, आणि त्यांनीं विचारलें असतां त्रासून बोलूं नये. आई मला विचारीत नसे, कारण मी नेहमीं घाईंत असें.

आज संदेशांचा तो जुना बाजार पुष्कळ ओसरला आहे. परंतु न मागितलेला माल खात्यावर मांडण्याची युक्ति जुनी होत नसते. ती नवा पोशाख करून येते. म्हणून आकडे वाचण्याची संवय सोडूं नये.

गेलेले पैसे त्या वर्षीं आम्हांला परत मिळाले नाहींत, आणि त्याचें मला फारसें दुःखहि नाहीं. राहून राहून मनाला लागतें तें दुसरेंच. माझ्या आईनें कधींच न दिलेला होकार कंपनीनें खरा मानला, म्हणून मी संतापलों होतों. पण त्याच घरांत एका मुलानें माझ्या तोंडावर स्पष्ट ‘नाहीं’ म्हटलें होतें, आणि तें मीं मानलें नव्हतें. कंपनीकडून हिशेब मागण्यापूर्वीं, आपल्या घरांतील माणसाचा शब्द आपण नीट ऐकला कीं नाहीं, एवढें प्रत्येकानें पाहावें.