गळत नाही, हवा ओढते
लेखमाला : ट्रकची तब्येत (भाग ९)

खोपोली मागे पडून बोरघाट सुरू झाला, की ट्रकच्या अंगातलं दुखणं बोलायला लागतं. सपाटीवर इंजिनाला जेमतेम डिझेल लागतं, त्यामुळे अर्धा चोंदलेला फिल्टरही वेळ निभावून नेतो. घाटात मात्र भरल्या गाडीला पूर्ण रेस द्यावी लागते, डिझेलची मागणी वाढते आणि मग गाडी ‘ओढत नाही’. ड्रायव्हर म्हणतो, पंप गेला. मालकाच्या पोटात गोळा येतो.

आमच्या पवनानगरातल्या ओळखीच्या एका गाडीमालकाचं दुखणं याहून विचित्र होतं. वाशीला इंद्रायणी तांदूळ उतरवून गाडी रात्री घरी यायची. सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू व्हायची आणि दोन मिनिटांत बंद पडायची. हँड प्रायमर दाबून दाबून हवा काढली की दिवसभर तक्रार नाही. एका गॅरेजवाल्याने नोझल बदलले, दुसऱ्याने पंप उतरवून बेंचवर पाठवला. पंप ठणठणीत निघाला. दोष होता टाकीवरच्या बेंजो बोल्टखाली दबून गेलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये, जो चहाच्या पैशात मिळतो.

इतका वेळ तो सापडला नाही, कारण तिथून डिझेलचा थेंबही गळत नव्हता. शहाळ्यात घातलेल्या नळीला बारीक चीर असली तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. टाकी ते फीड पंप हा पाइप त्या नळीसारखाच. फीड पंप तिथून डिझेल ओढतो, म्हणून चिरेतून बाहेरची हवा आत शिरते. फीड पंपाच्या पुढे मात्र डिझेल दाबाखाली असतं, तिथली चीर ओली दिसते, वास येतो, हाताला लागते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या वॉशरपाशी हवा शिरून पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत उतरायचं. पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन दोन मिनिटं चालायचं, मग हवेची पाळी यायची.

याची परीक्षा कुठल्याही झाडाखाली करता येते. फीड पंपाच्या तोंडाशी येणारा पाइप सोडवायचा, तिथे डिझेलला चालणारी पारदर्शक नळी घट्ट बसवायची आणि तिचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायचं. हवा काढून इंजिन चालवायचं. नळीत बुडबुडे नाहीत आणि गाडी नीट चालते, तर दोष मागे, टाकीच्या बाजूला. पंपाला हात लावायचं कारणच उरत नाही. आणखी एक फुकटची तपासणी : गाडी दमायला लागली की टाकीचं झाकण उघडून पाहा. ‘सुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं वायुछिद्र बुजलं आहे. भातलावणीच्या दिवसांत शेताच्या कडेने जाणाऱ्या गाड्यांच्या झाकणावर चिखलाचा थर बसलेला असतोच.

आता पाणी. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि टाकीत पाणी शिरायला पावसाचीही गरज नसते. अर्धी रिकामी टाकी थंडीत रात्रभर उभी राहिली, की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर दवासारखा जमतो. संध्याकाळी टाकी भरून ठेवणं हा उपाय. पण चोरीच्या भीतीने मालक टाकी भरू देत नाहीत, आणि त्या भीतीला मी तरी हसणार नाही. मग निदान रोज सकाळी, सेल्फ मारण्याआधी, वॉटर सेपरेटरचा खालचा नळ काचेच्या बाटलीत सोडावा. पाणी डिझेलपेक्षा जड, रात्रभर तळाशी बसलेलं असतं, बाटलीत ते स्वच्छ वेगळं दिसतं. हे न करण्याची किंमत पंप मोजतो. पंपातला प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर त्या फटीचा अंदाज येईल. तिथे वंगण म्हणून वेगळं तेल नसतं, डिझेलच ते काम करतं. पाणी शिरलं की वंगण संपलं आणि गंज सुरू झाला.

नोझलची परीक्षा मात्र हँड टेस्टरवरच. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल-इंजेक्टर बनतात, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘मायको’ हे कंपनीचं जुनं नावच आहे. टेस्टरचा दांडा दाबला की काटा चढतो. जुन्या यांत्रिक नोझलचं तोंड साधारण २०० ते २५० बारला उघडतं. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. ट्रकच्या टायरात ८ बारच्या आसपास हवा असते, यावरून ताकद समजावी. चांगला नोझल ‘कर्र कर्र’ आवाज करून धुक्यासारखा फवारा मारतो. धार लागली किंवा टोकाला थेंब लोंबला, तर तो गेला. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत जाते, बाहेर फक्त टाचणीएवढी खूण दिसते, आणि बोट गमावण्याची वेळ येते. लागलं तर तडक मोठं इस्पितळ गाठावं.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहायला जुने मिस्त्री चालू इंजिनात एकेका नोझलचा पाइपनट किंचित सैल करतात. जिथे सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. ही युक्ती फक्त जुन्या पंपाच्या गाडीवर. १ एप्रिल २०२० पासून धूर-प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, आणि ते पाळायला जुना पंप पुरत नाही. आजच्या कॉमन रेल गाड्यांत दाब दीड हजार बारच्याही वर जातो, तिथे चालू इंजिनात पान्याला हात लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तिथे स्कॅनर लावतात, आणि प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमवून ताडून पाहतात. ज्याची बाटली लवकर भरते, त्याची झीज जास्त. या गाड्यांचा मुख्य फिल्टर बदलतानाही त्यात कॅनमधून डिझेल ओतू नये. ते गाळलेलं नसतं, आणि फिल्टरच्या स्वच्छ बाजूला गेलं तर थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. कोरडा बसवून प्रायमरनेच भरावा, वेळ लागला तरी.

राहिला पंपाचा सील. ‘पिकप वाढवून देतो’ म्हणत तो तोडून डिझेलचा स्क्रू फिरवणारे बरेच भेटतात. टेस्ट बेंचवर काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं माप मोजून लावलेला तो स्क्रू असतो. कानाने तो पुन्हा जागेवर आणता येत नाही, आणि घाटात मागच्या मोटारसायकलवाल्यांच्या तोंडावर काळा धूर जात राहतो.