मासा कुठे असेल?
पूर्णेच्या पाण्यातील ऋतुचक्र आणि मासेमारीचे विज्ञान

गढूळ पाण्यात हातभर खोलीवरचेही काही दिसत नाही. तरीसुद्धा नदीकाठचा जाणता मासेमार जाळे कुठेही टाकत नाही. मे महिन्यात तो ज्या डोहाकडे जातो, त्या डोहाकडे जुलैमध्ये फिरकत नाही. जुलैमध्ये ज्या ओढ्याच्या तोंडाशी तो बसतो, तो ओढा जानेवारीत कोरडा पडलेला असतो. हे कसे समजते असे विचारले, तर ‘पाणी बघून कळतं’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. या ‘पाणी बघण्या’त पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय दडलेले आहेत. ते आपण क्रमाने उलगडून पाहू.

उदाहरणासाठी आम्ही पूर्णा नदी घेतली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी ही नदी येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांतून पुढे येते आणि परभणी जिल्ह्यातील पूर्णा या गावाच्या परिसरात गोदावरीला मिळते. (विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा ही वेगळी नदी.) येथील भोई समाजाची कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आली आहेत. कटला, रोहू, मृगळ हे कार्प कुळातील मासे, तसेच मरळ, वाम आणि शिंगटा हे त्यांच्या ओळखीचे मासे.

दोन मूलभूत नियम

पहिला नियम तापमानाचा. मासा शीतरक्ती आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. पाणी साधारण १० अंश सेल्सिअसने तापले की माशाच्या चयापचयाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्याला अन्न जास्त लागते आणि प्राणवायूही जास्त लागतो.

दुसरा नियम विरघळलेल्या प्राणवायूचा. गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. म्हणजे पाणी तापते तेव्हा माशाची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो. उन्हाळ्यात मासा कुठे राहील, हे या ओढाताणीवर ठरते.

उन्हाळा : आटलेला डोह

परभणी भागात मे महिन्यात हवेचे तापमान ४२-४३ अंशांपर्यंत जाते. नदीची धार तुटते आणि सुटे सुटे डोह उरतात. नदीभर पसरलेले मासे या थोड्या पाण्यात गोळा होतात. त्यामुळे ओढजाळ्याने डोह ओढून काढण्याचे हेच दिवस.

पण डोहातही मासे सगळीकडे सारखे नसतात. वारा पडला की डोहात पाण्याचे थर तयार होतात. ऊन पाणी हलके असल्याने वर राहते व गार पाणी तळाशी. येथे एक गमतीचा मुद्दा आहे. पाण्याची घनता तापमानाप्रमाणे सारख्या प्रमाणात बदलत नाही. १० आणि ११ अंशांच्या पाण्याच्या घनतेत जेवढा फरक असतो, त्याच्या सुमारे तिप्पट फरक २९ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यात एखाद-दुसऱ्या अंशाच्या फरकानेही पक्के थर बनतात. तळाच्या थराला हवा मिळत नाही आणि तेथील सडणारा पालापाचोळा उरलासुरला प्राणवायूही संपवतो. अशा वेळी वर फार ऊन आणि खाली गुदमर, म्हणून कार्प मासे मधल्या थरात किंवा काठच्या सावलीत राहतात. जाळे तळापर्यंत सोडण्यात मग फारसा अर्थ नसतो.

दिवसाची वेळही महत्त्वाची. शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही फक्त श्वसन करते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कार्प मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. फेकजाळे घेऊन पहाटे जाण्याचे एक कारण हे आहे.

मरळ याला अपवाद आहे. तिच्या डोक्यात कल्ल्यांजवळ हवेतून श्वास घेण्याचे जादा इंद्रिय असते. त्यामुळे चिखलवजा डबक्यातही ती तगते, पण थोड्या थोड्या वेळाने तिला वर यावेच लागते. पाण्यावर उमटणारी ती वर्तुळे पाहून मासेमार मरळीची जागा ओळखतो.

पावसाळा : चढणीचे मासे

मृगाचे पाऊस सुरू झाले, पहिले लोंढे आले की चित्र एकदम पालटते. पाणी गार होते, प्राणवायू वाढतो आणि प्रवाह सुरू होतो. कटला, रोहू आणि मृगळ या माशांना ही अंडी घालण्याची सूचना असते. ते प्रवाहाविरुद्ध वर सरकू लागतात. यांनाच आपण ‘चढणीचे मासे’ म्हणतो. पुराचे पाणी जिथे उथळ पसरते तिथे मादी अंडी सोडते आणि नर त्यांचे फलन करतो. ती साधारण १५ ते १८ तासांत उबतात. पाण्याखाली गेलेल्या गवताळ काठावर पिल्लांना सूक्ष्म जीवांचे भरपूर अन्न मिळते.

मासेमाराला या दिवसांत मासा शोधावा लागत नाही, मासाच त्याच्याकडे चालून येतो. ओढा नदीला मिळतो तेथे अरुंद वाटेत बांबूच्या कामट्यांचा सापळा लावला की पुरते. सापळ्याचे तोंड नरसाळ्यासारखे असते. आत जाणे सोपे, बाहेर पडणे अवघड. या वेळी मासा प्रवाहाची दिशा धरून चालतो. शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेने त्याला पाण्याचा दाब व हालचाल जाणवते. म्हणूनच गढूळ पाण्यात काही दिसत नसतानाही तो बरोबर धारेला लागतो आणि सापळ्यात शिरतो.

येथेच आपल्या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या दिवसांत मासा पकडणे सर्वांत सोपे, त्याच दिवसांत तो पकडणे सर्वांत महाग पडते. रोहूच्या मादीत दर किलो वजनामागे सुमारे दोन लाख अंडी असतात. त्यांतली फार थोडी जगतात हे खरे, पण दोन किलोची गाभोळी मादी बाजारात गेली की चार लाख अंडी नदीत पडण्याआधीच संपतात. हीच मादी महिना-दीड महिन्याने पकडली, तर मासेमाराचे थोडेच नुकसान होते आणि नदीचे काहीच होत नाही.

हे कार्प साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांची पिल्ले नदीतूनच धरावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्प माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवले. आज तलावांत सोडली जाणारी बोटुकली याच तंत्राच्या पुढच्या रूपांतून येते. १० जुलै हा दिवस म्हणूनच आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

हिवाळा : निवळ पाणी, सुस्त मासा

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. रात्री गार झालेले वरचे पाणी जड होऊन खाली जाते व खालचे वर येते. उन्हाळ्यातले थर मोडतात आणि तळापर्यंत प्राणवायू पोचतो. मासे खोल पाण्यात जाऊ शकतात आणि जातातही. चयापचय मंदावल्याने ते कमी खातात, कमी फिरतात. गळाला लावलेले गांडूळ किंवा कणकेची गोळी या दिवसांत लहान ठेवावी लागते आणि धीरही जास्त धरावा लागतो. दुपारचे ऊन लागून काठचे पाणी जरा कोमट झाले की तेवढा वेळ मासे चरायला येतात.

पाणी निवळलेले असल्याने आता प्रकाशाचे नियम महत्त्वाचे ठरतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. त्यामुळे वरून पाहताना एक मीटर खोलीवरचा मासा सुमारे ७५ सेंटिमीटरवर असल्यासारखा दिसतो. माशालाही बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. काठावर उभा राहिलेला माणूस त्याला सहज दिसतो, पण मागे सरून खाली बसलेला माणूस त्या वर्तुळाच्या कडेला दबून जातो. गळ टाकणारा उकिडवा बसतो त्याला हा आधार आहे.

तो गप्पा मारतो, पण पाय आपटत नाही. हेही शास्त्राला धरूनच आहे. हवेतील आवाजाचा फारच थोडा अंश पाण्यात शिरतो, बाकीचा पृष्ठभागावरून परततो. पावलांचा हादरा मात्र जमिनीतून थेट पाण्यात पोचतो.

जाळ्याचे गणित

खोल पाण्यात रात्रभर लावून ठेवायचे जाळे म्हणजे कल्लेजाळे. मासा आसात डोके घालतो, अंग जाडीला अडते, मागे सरताना कल्ल्यात धागा अडकतो. आस म्हणजे जाळ्याचे एक छिद्र. ते ताणून मोजतात. ताणलेला आस ४ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ ८ सेंटिमीटर होतो. ज्या माशाच्या अंगाचा घेर या परिघाच्या साधारण सव्वापट, म्हणजे १० सेंटिमीटर, तो त्यात पक्का अडकतो. त्याहून बराच लहान मासा पार निघून जातो, बराच मोठा मासा डोकेच घालू शकत नाही. आस १० सेंटिमीटर केला, तर हाच हिशोब २५ सेंटिमीटर घेरावर येतो. म्हणजे कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे जाळे विणतानाच ठरते. रोहू, कटला यांना प्रजननक्षम व्हायला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. एकदा तरी अंडी घातल्यावरच मासा अडकावा एवढा मोठा आस ठेवला, तर नदीचे भांडवल शाबूत राहते.

पूर्वी जाळी सुती किंवा तागाच्या धाग्याची असत. ती लवकर कुजत. नायलॉन आले आणि जाळे हलके, टिकाऊ आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य झाले. याची दुसरी बाजू अशी की, तुटून वाहून गेलेले नायलॉनचे जाळे कुजत नाही. ते कित्येक दिवस कोणाच्याही उपयोगाविना मासे मारत राहते.

नवी साधने, जुना प्रश्न

उत्तर अमेरिकेतील तळ्यांत क्रॅपी नावाचा मासा हौसेने गळाने धरतात. वसंतात पाणी साधारण १६ ते २० अंशांपर्यंत तापले की तो अंडी घालायला उथळ पाण्यात येतो आणि हौशी मंडळी तापमापक घेऊन त्याची वाट पाहतात. त्याचे घड्याळ तापमानाचे, आपल्या रोहूचे मुख्यतः पुराचे, पण तत्त्व एकच. तेथे आता ध्वनीच्या प्रतिध्वनीने मासा दाखवणारी यंत्रे सर्रास वापरतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०१ सेकंदात परतला, तर मासा १५०० × ०.०१ ÷ २ म्हणजे साडेसात मीटरवर आहे. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून ध्वनी चांगला परावर्तित होतो, म्हणून हे शक्य होते. असा मासा ‘दिसू’ लागल्यावर त्याला सुटायला जागा किती उरते, अशी चर्चा तेथेही चालू आहे.

आपल्याकडचे संकट याहून ओबडधोबड आहे. पाण्यात सुरुंग उडवणे, विष कालवणे, विजेच्या तारेवर आकडा टाकून प्रवाह सोडणे, हे प्रकार निवड करीत नाहीत. सुरुंगाने हवेच्या पिशव्या फुटतात आणि बरेच मासे तळाशी जाऊन हातीही लागत नाहीत. विजेने पिल्ले मरतात, कधी कधी माणसेही. ब्रिटिश हिंदुस्थानात स्फोटके आणि विष यांना १८९७च्या कायद्यानेच मनाई झाली होती.

यात धरणांची भर पडते. चढणीचा मासा येलदरी-सिद्धेश्वरच्या भिंती चढू शकत नाही. धरणाखाली पुराची सूचनाही पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते. याउलट १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाला (चिलापीला) पुराची गरजच नाही. तो साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो आणि मादी पिल्ले तोंडात सांभाळते. जाळ्यात बोटभर चिलापी जास्त आणि रोहू कमी येऊ लागला, तर त्यामागची कारणे शोधताना ही तुलना ध्यानात ठेवावी.

वर्गासाठी तीन कामे

१. रिकाम्या बाटलीला दगड बांधून बुचाला वेगळी दोरी लावा. हव्या त्या खोलीवर बूच ओढून पाणी भरा आणि लगेच तापमान घ्या. मे आणि डिसेंबरमधील नोंदींची तुलना करा. हे काम शिक्षकांनी आणि पाण्याची माहिती असलेल्या माणसाने बरोबर राहूनच करावे. पुराच्या दिवसांत मुळीच करू नये.

२. जुन्या जाळ्याचे तुकडे मिळवून आस मोजा. त्यात किती घेराचा मासा अडकेल याचे गणित मांडा आणि मासेमाराकडून ते पडताळून घ्या.

३. आठवडी बाजारात एकाच जातीच्या पन्नास माशांची लांबी मोजून स्तंभालेख काढा. पोटात गाभोळी असलेले मासे वेगळे मोजा. दरवर्षी त्याच महिन्यात हेच काम करून शाळेच्या वहीत नोंद ठेवा. पाच वर्षांत स्तंभ लहान माशांकडे सरकले, तर नदी काय सांगते आहे हे मुलांना कोणी समजावून द्यावे लागणार नाही. ती वही मग गावच्या मच्छीमार सोसायटीलाही दाखवा. जुलैमध्ये सापळा कधी लावायचा आणि जाळ्याचा आस केवढा ठेवायचा, हे अखेर त्यांनाच ठरवायचे आहे.