अर्धं ताट का उरतं?

'अंगावरून वारं गेलं' असं आपण सहज म्हणतो. वारं अंगावरून गेलं म्हटलं की उपचारही अंगालाच होतात. कोणी तेलाचं मालीश सांगतं, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. वस्तुस्थिती अशी की हात आणि पाय धड असतात. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते (यालाच स्ट्रोक म्हणतात), आणि तीही बहुधा विरुद्ध बाजूची. डावा हात लुळा पडला, तर इजा मेंदूच्या उजव्या भागात शोधायची.

मेंदूच्या दोन्ही अर्धांत चार-चार खंड आहेत. कपाळामागे फ्रंटल, त्याच्या मागे टाळूखाली परायटल, कानाच्या आत टेम्पोरल आणि डोक्याच्या पार मागे ऑक्सिपिटल. लुळा पडलेला हात सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याची कीव येते. या खंडांच्या बाकीच्या इजा वागण्याबोलण्यातून दिसतात, आणि तिथे माणूस घरच्यांच्या रागाला बळी पडतो.

ताटाचंच बघा. आपल्या वाढण्याच्या पद्धतीत भाजी-आमटी उजवीकडे, चटणी, कोशिंबीर आणि लिंबू डावीकडे. स्ट्रोकमधून उठलेले आजोबा भाजी संपवतात, आमटी संपवतात, कोशिंबिरीला हातही लावत नाहीत आणि 'अजून वाढ' म्हणतात. 'समोर आहे ते आधी खा,' असं कोणीतरी चिडून म्हणतं. मग ताट अर्धं फिरवलं की ते उरलेलं मुकाट्याने खातात. हा हट्ट नव्हे. उजव्या परायटल खंडाला इजा झाली की डोळे शाबूत असूनही डावीकडचं जग लक्षातच येत नाही. अशा माणसाला घड्याळ काढायला सांगितलं, तर तो पुष्कळदा बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. दाढीही अर्धीच करतो. आपली चूक त्याला कळत नाही, म्हणून तो ती कबूलही करत नाही.

'बोलता येत नाही, म्हणजे समजतही नसणार' हा गैरसमज मला सर्वांत क्रूर वाटतो. पेशंटच्या उशाशी बसून लोक त्याच्या दुखण्याची, पैशांची चर्चा करतात. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. वीसहून अधिक वर्षं तो प्रश्न कोणताही असो, 'टॅन' एवढंच बोलत होता. समजत मात्र त्याला बरंच होतं, काही आकडे तो बोटांनी दाखवून सांगायचा. मृत्यूनंतर इजा सापडली ती डाव्या फ्रंटल खंडात. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला. डाव्या टेम्पोरल खंडाच्या मागच्या भागाला इजा झाली की माणूस भराभर बोलतो, पण शब्दांना अर्थ नसतो आणि आपलं बोलणंही त्याला नीट कळत नाही. याला घरचे 'वेड लागलं' म्हणतात. ते वेड नाही, भाषा तुटलेली आहे.

ऑक्सिपिटल खंडाचं थोडक्यात. तो दृष्टीचा. तिथे मार बसला, तर डोळे निरोगी असूनही दिसेनासं होऊ शकतं. चष्मा बदलून उपयोग नसतो.

बाइकच्या अपघातातून मुलगा वाचतो, चालतो, बोलतो, आणि काही महिन्यांनी घर म्हणतं, 'हा पहिला राहिला नाही.' चटकन भडकतो, पैसे उधळतो, हाती घेतलेलं काम पुरं करत नाही. फ्रंटल खंड आवर घालतो, बेत आखतो. 1848 साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेचा मुकादम फिनिआस गेज सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला, आणि 3 फूट 7 इंचांची पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, पण मित्रांना तो पहिला गेज वाटेना. त्याची गोष्ट बहुतेकदा इथेच संपवतात, आणि त्यातून दुसरा गैरसमज होतो, की असा माणूस कायमचा वाया गेला. पुढे गेजने चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, तरी शेजारचे भाग काही काम उचलतात. त्यासाठी फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लवकर सुरू व्हायला हवी.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तेल शोधत बसू नका. आधी घड्याळ बघून वेळ टिपा आणि 108 ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.