सेंट लुसिया : एका लघु द्वीपराष्ट्राचा परिचय

पूर्व कॅरिबियनमधील सेंट लुसिया हे सुमारे ६१७ चौ. कि.मी. क्षेत्रफळाचे ज्वालामुखीजन्य द्वीपराष्ट्र होय. कॅस्ट्रीज ही त्याची राजधानी. फ्रान्स व ब्रिटन यांच्यात या बेटाचा ताबा वारंवार बदलत राहिला. १८१४ मध्ये ते कायमचे ब्रिटनकडे गेले. त्यामुळेच राजभाषा इंग्रजी असली, तरी लोकव्यवहारात फ्रेंचोद्भव क्रिओल भाषा टिकून आहे.

२२ फेब्रुवारी १९७९ रोजी देश स्वतंत्र झाला. मात्र आर्थिक परावलंबन संपले नाही. उसानंतर केळी हे प्रमुख निर्यात पीक बनले व त्यास ब्रिटिश बाजारपेठेत संरक्षण लाभले. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने युरोपची केळी-आयात व्यवस्था नियमबाह्य ठरविली. पुढे संरक्षण घटत गेले आणि डोंगरउतारावरील लहान शेतकऱ्यांना लॅटिन अमेरिकेतील विस्तीर्ण मळ्यांशी स्पर्धा करणे अवघड झाले. आज पर्यटन हाच अर्थव्यवस्थेचा मुख्य आधार आहे. परंतु चक्रीवादळे व परदेशांतील मंदी यांचा फटका त्यालाही बसतो.

विकसनशील देशांच्या याच प्रश्नांचा अभ्यास करणारे सर आर्थर लुईस या बेटाचेच सुपुत्र; त्यांना स्वातंत्र्याच्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्याचे नोबेल लाभले. तात्पर्य, या राष्ट्राची बौद्धिक संपदा विपुल आहे. एकाच व्यवसायावर विसंबून न राहणारी अर्थव्यवस्था उभारणे, हे मात्र त्याच्यापुढील मूलभूत आव्हान होय.