अकोटच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा कूलर

वऱ्हाडात कूलर म्हटलं की वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा. पण कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरही एक कूलर असतो आणि तो निवडताना पुण्या-बंगळुरूचा हिशेब अकोटात चालत नाही. 2024 च्या मे अखेरीस उष्णतेमुळे अकोट ज्यात येतं त्या अकोला जिल्ह्यात कलम 144 लागू करावं लागलं होतं. प्रोसेसरचा कूलर खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. तो फक्त उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. 25 अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर 70 वर राहतो, तो त्याच कामाला 40 अंशांच्या खोलीत साधारण 85 गाठतो. 95-100 च्या आसपास तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो.

मग प्रोसेसरला पाण्याचा महागडा कूलर घ्यावा का? तोही शेवटी त्याच तापल्या हवेवर विसंबतो, वर पंप बिघडायची धास्ती. 65 वॅटच्या घरगुती प्रोसेसरला 120 मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो. फक्त कॅबिनेटमध्ये त्याची उंची मावते का, ते आधी मोजा. प्रोसेसरसोबत आलेला कूलर फुकट असतो हे खरं, आणि नुसत्या टायपिंगला तो चालतोही. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला मात्र मे महिन्यात तो धापा टाकतो. राहता राहिली धूळ. कपाशीच्या या मुलखात कूलरच्या पत्र्यांच्या फटींत तंतू-धुळीचा नमदा बसतो आणि मग भारीतला कूलरही निकामी. होळी झाली की कॅबिनेट उघडा, ब्रश फिरवा.