एळाराची समाधी आणि बेपत्तांचा रकाना

1990 साली श्रीलंकेत युद्ध पुन्हा भडकले आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतून निर्वासितांच्या नावा रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागल्या. सेवेची पहिली काही वर्षेच उलटलेला मी त्या काळात किनाऱ्याजवळच्या एका छावणीत नोंदणीच्या कामावर होतो. नाव, वय, गाव, कुटुंबप्रमुख असे छापील रकाने भरायचे होते. पंचविशीतल्या एका स्त्रीला कारकुनाने विचारले, ‘पती?’ ती म्हणाली, ‘घरातून नेले.’ त्याने पुन्हा विचारले, ‘हयात की मयत?’ ती काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘ते सरकारने सांगायचे.’ तिच्या कपाळी कुंकू होते. ते ठेवावे की पुसावे, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. तो रकाना रिकामा राहिला आणि त्याखाली मी सही केली.

यादवी युद्धे तोफा थंडावल्यावर संपतात, असे इतिहासाची पाठ्यपुस्तके सांगतात. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते पुरते पटत नाही. असे रिकामे रकाने जोवर भरले जात नाहीत, तोवर युद्ध दप्तरात आणि घराघरांत चालूच असते. श्रीलंकेतील युद्ध मे 2009 मध्ये मुल्लिवाय्क्कालच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर संपले. त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटला, तरी हजारो कुटुंबांचा तो रकाना अजून रिकामाच आहे.

या संघर्षाची मुळे रणांगणापेक्षा कायद्याच्या पुस्तकात अधिक सापडतात. 1956 च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि तमिळ कारकून, शिक्षक, टपालसेवक आपल्याच देशात एका रात्रीत निरक्षर ठरले. पंतप्रधान भंडारनायके यांनी 1957 मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तडजोडीचा करार केला. परंतु भिक्खूंच्या आणि विरोधकांच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी तो मोडला. 1970 च्या दशकात विद्यापीठ-प्रवेशाचे नियम बदलले. 1981 मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे 97 हजार ग्रंथ आणि हस्तलिखिते त्यात भस्मसात झाली. जुलै 1983 मध्ये तमिळ वाघांनी 13 सैनिकांना ठार केले आणि त्याचा सूड म्हणून कोलंबोत निरपराध तमिळांची घरे, दुकाने, माणसे पेटवली गेली. मोडलेल्या प्रत्येक कराराने नेमस्तांना दुबळे केले आणि बंदूकधाऱ्यांना बळ दिले.

त्या बंदूकधाऱ्यांचा हिशेबही तितक्याच स्वच्छपणे मांडला पाहिजे. तमिळ वाघांनी शाळकरी मुलांच्या हाती शस्त्रे दिली, मवाळ तमिळ नेत्यांना संपवले आणि ऑक्टोबर 1990 मध्ये उत्तर प्रांतातील सुमारे 70 हजारांवर मुस्लिमांना काही तासांच्या किंवा दिवसांच्या मुदतीत घरादारावरून हुसकावले. 1991 मध्ये श्रीपेरुंबुदूर येथे त्यांनी राजीव गांधी यांची हत्या केली. शेवटच्या महिन्यांत आपल्याच लोकांना त्यांनी ढाल केले आणि निसटू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या बाजूला, सरकारने स्वतः जाहीर केलेल्या ‘अग्निबंदी क्षेत्रां’वर तोफा डागल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये म्हटले, की या अखेरच्या टप्प्यात 40 हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. श्रीलंका सरकारला हा आकडा मान्य नाही. पण नावानिशी मोजणी केल्याशिवाय कोणताच आकडा कोणाला पटणार नाही.

यंत्रणांची वाण मात्र पडली नाही. 2010 मध्ये ‘धडे आणि सलोखा’ आयोग नेमला गेला. 2015 मध्ये सत्य आयोग, बेपत्ता व्यक्तींचे कार्यालय, नुकसानभरपाई आणि विशेष न्यायप्रक्रिया या चार गोष्टींचे वचन देणाऱ्या जिनिव्हातील ठरावाला श्रीलंकेने स्वतः सहप्रायोजकत्व दिले. बेपत्तांसाठीच्या कार्यालयाचा कायदा 2016 मध्ये झाला. त्याच वर्षी एक छोटीशी, परंतु माझ्या मते फार महत्त्वाची तरतूद झाली, ती म्हणजे ‘अनुपस्थितीचे प्रमाणपत्र’. मृत्यूचा दाखला न घेताही पत्नीला बँकेतले पैसे, जमीन, मुलांचे पालकत्व यांचे व्यवहार करता यावेत, यासाठी ते होते. हयात आणि मयत यांच्यामध्ये तिसरा रकाना निर्माण करणारे हे पाऊल मानवी होते. पण तो रकाना वाट पाहण्यासाठी आहे. तिथेच माणसाला कायमचे ठेवून फाइल बंद करता येत नाही. 2020 च्या आरंभी सरकारने ठरावातून अंग काढून घेतले. त्याच सुमारास, मिरुसुविल येथील आठ तमिळ नागरिकांच्या हत्येबद्दल देहदंडाची शिक्षा झालेल्या सैनिकाला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. अशा प्रकरणांत क्वचितच मिळालेला न्याय एका सहीने पुसला गेला.

‘जुन्या जखमांवरची खपली कशाला काढायची?’ हा प्रश्न कोलंबोत प्रामाणिकपणे विचारणारे पुष्कळ आहेत. वाघांचे बहुतेक नेते मेले. मग आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त सैनिकच उभे राहणार, हा त्यांचा आक्षेप हलका नाही. त्यावर उत्तर एवढेच, की मेलेल्यांवर खटला चालत नसला, तरी त्यांच्या गुन्ह्यांची नोंद होऊ शकते आणि ती झालीच पाहिजे. जाफन्यातून हाकललेल्या मुस्लिम कुटुंबालाही सत्याचा तितकाच अधिकार आहे. शिवाय सिंहली समाजाने हे दुःख स्वतः भोगले आहे. 1987 ते 1989 च्या जनता विमुक्ती पेरमुनाच्या बंडाच्या काळात दक्षिणेतले हजारो सिंहली तरुण असेच नाहीसे झाले. एम्बिलिपिटियाच्या शाळकरी मुलांच्या अपहरणप्रकरणी मुख्याध्यापकाला आणि काही लष्करी व्यक्तींना 1999 मध्ये शिक्षा झाली, तेव्हा देश दुभंगला नाही. त्या काळी या मातांची कैफियत घेऊन जिनिव्हाला निघालेला तरुण खासदार होता महिंद राजपक्षे! पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून तमिळ मातांचे तेच गाऱ्हाणे त्यांनी ऐकले असते, तर इतिहासाने त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते.

या बेटाच्या परंपरेतच याहून मोठे उदाहरण आहे. ‘महावंस’ हा पाली ग्रंथ सांगतो, की अनुराधपुरावर 44 वर्षे न्यायाने राज्य करणाऱ्या एळार या चोळदेशीय राजाला दुट्ठगामणीने द्वंद्वयुद्धात मारले. मग विजेत्याने शत्रूवर सन्मानाने अंत्यसंस्कार केले, तिथे स्मारक उभारले आणि त्यावरून जाताना वाद्ये थांबवण्याचा दंडक घातला. युद्धात मेलेल्यांच्या विचाराने व्याकूळ झालेल्या याच राजाला, खऱ्या अर्थाने केवळ दीडच माणूस मेला, असे सांत्वन अर्हतांनी केल्याचेही तोच ग्रंथ नोंदवतो. दोन्ही वारसे एकाच पोथीत आहेत. 2009 नंतर वाघांच्या दफनभूमी सपाट करण्यात आल्या; जाफन्याजवळच्या कोपाय येथे तर त्या जागेवर लष्करी मुख्यालय उभे राहिले. तिथे पुरलेला कोणाचा तरी मुलगा होता. दुट्ठगामणीचा गौरव करणाऱ्यांनी त्याची वाद्ये थांबवण्याची आज्ञा मात्र विसरावी, हे दुर्दैव आहे.

भारताने हा विषय परक्याचा म्हणून पाहू नये. वाघांना आरंभी आपल्याच भूमीवर प्रशिक्षण मिळाले. 1987 च्या करारानंतर गेलेल्या शांतिसेनेने सुमारे 1,200 जवान गमावले. तिच्यावर जाफन्यातील नागरिकांच्या हत्येचे आरोपही झाले, ज्यांची चर्चा आपण टाळतो. मानवाधिकार परिषदेत आपण 2012 आणि 2013 मध्ये ठरावांच्या बाजूने मत दिले आणि 2014 मध्ये तटस्थ राहिलो. याच करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण केल्या; परंतु 2014 नंतर एकाही परिषदेची निवडणूक झालेली नाही. त्याबद्दल दिल्लीने सातत्याने आणि सौम्यपणे, पण स्पष्ट बोलत राहिले पाहिजे. तसे बोलण्याचा अधिकार टिकवायचा, तर तमिळनाडूच्या छावण्यांत दोन पिढ्या काढलेल्या निर्वासितांच्या नागरिकत्वाचा प्रश्नही आपल्यालाच सोडवावा लागेल.

आशेला जागा आहे. आर्थिक अरिष्टाच्या काळात, 18 मे 2022 रोजी, कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर सिंहली आंदोलकांनी मुल्लिवाय्क्कालच्या मृतांचे स्मरण केले आणि तिथल्या उपासमारीची आठवण म्हणून कांजी वाटून घेतली. 2024 मध्ये अनुर कुमार दिसानायके यांच्या आघाडीला जाफना जिल्ह्यानेही कौल दिला. ज्यांच्या पक्षाचे हजारो कार्यकर्ते एकेकाळी असेच बेपत्ता झाले, त्यांच्या हाती आज सत्ता आहे. याच पक्षाने सत्ताविभाजनाला दीर्घकाळ विरोध केला, हेही विसरता येत नाही. 2025 मध्ये जाफन्याजवळ चेम्मणी येथील उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे मिळाले. त्यांत मुलांचे होते आणि सोबत एक शाळेचे दप्तरही होते. ते दप्तर कोणाचे, हे शोधणे राज्यसंस्थेला अशक्य नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, निधी, स्वतंत्र अभियोक्ता आणि लष्कराची कागदपत्रे खुली करण्याचे धैर्य लागते.

छावणीतली ती स्त्री आज हयात असेल, तर साठीत असेल. सूड घ्या, असे ती त्या दिवशीही म्हणाली नव्हती. तिने सरकारकडे एका शब्दाचे उत्तर मागितले होते, आणि न्यायाचा आरंभ तिथूनच होतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इतिहासाचे अभ्यासक आहेत.)